संगणक पळाला, हिशेब चुकला

गेल्या वैशाखातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. जेवणे आटोपून मी बिबवेवाडीच्या आमच्या घराच्या गच्चीवर वारा खात बसलो होतो. तेवढ्यात गावाकडून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. एरवी आमचे बोलणे आधी पाऊसपाणी, मग गुरेढोरे, मग मुलेबाळे अशा क्रमाने चालते. त्या दिवशी त्याने थेट विचारले, "दादा, माझ्या नावावर चार हजार जास्त कुणी चढवले?"

आमचे गाव पुरंदर तालुक्यात. बोपदेव घाट चढून पलीकडे गेले की सीताफळाच्या आणि अंजिराच्या बागा लागतात, त्या पट्ट्यातले. चार घरांत मिळून एक विहीर आहे. पंपाचे वीजबिल, मोटर जळाली तर तिचे रिवाइंडिंग, फुटलेल्या पाइपाची दुरुस्ती, सगळा खर्च चार वाट्यांनी. हा हिशेब वर्षानुवर्षे आमचे आबा लाल खतावणीत ठेवत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांना कमी दिसू लागले, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने पुढे झालो. "आता हे काम संगणकावर घेऊ," म्हणालो. कृषी खात्यात इतकी वर्षे काढलेला माणूस, शेतकऱ्यांना नवे तंत्र शिकवतो, मग घरच्या विहिरीचा हिशेब जुन्या पद्धतीने कसा ठेवायचा? दर तीन महिन्यांनी बाकीचा कागद तयार करून मी चौघांच्या फोनवर पाठवू लागलो.

या वेळच्या कागदावर चुलतभावाची बाकी ६,४५० रुपये होती. तो म्हणत होता २,४५०. मी त्याला काय उत्तर द्यावे? "अरे, संगणक कधी चुकतो का? तूच नीट आठवून बघ."

हे वाक्य मला पुढे फार महाग पडले. तो पुढे काही बोलला नाही, फोन ठेवला. दोन दिवसांनी कळले की त्याने पाळीच्या दिवशी मोटरच्या पेटीला आपले कुलूप घातले आहे. वैशाखात पाण्याची एक पाळी चुकली तर भेंडीचा प्लॉट मान टाकतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. पैसे वसूल करून मला आकडे कळवणाऱ्या दुसऱ्या चुलतभावावर संशय गेला. भाऊकीतली गोष्ट, एका तोंडाची चार तोंडे झाली.

सौ. म्हणाली, "आबांची खतावणी बंद झाली का पण? ते अजून लिहीत असतात, सुनेकडून वाचून घेतात." मी आबांना फोन केला. त्यांनी सुनेला पान उघडायला लावले. खतावणीत स्वच्छ २,४५० लिहिलेले होते.

आता मात्र मी घरच्या संगणकाकडे वळलो आणि आमच्या चिरंजीवांना समोर बसवले.

खरे तर तीन महिन्यांपासून लक्षणे दिसत होती आणि आम्ही सगळ्यांनी त्यांकडे काणाडोळा केला होता. आठवड्यातून एखाद्या वेळी पडदा निळा होऊन संगणक आपोआप बंद पडे व पुन्हा सुरू होई. निळ्या पडद्यावर कधी 'मेमरी मॅनेजमेंट' असे लिहिलेले असे, तर कधी भलतेच काही. पुतणीच्या लग्नाचे फोटो उतरवून घेतले, त्यांतल्या दोन फोटोंचा खालचा अर्धा भाग राखाडी निघाला. दाबून बांधलेल्या फाइलींचा एक गठ्ठा उघडताना 'सीआरसी एरर' असा शेरा येई आणि तोच गठ्ठा दुसऱ्या खेपेला बिनतक्रार उघडे. आम्ही वीज मंडळाला दोष दिला, विंडोजला दिला, शेवटी उन्हाळ्याला दिला. एकच फाइल एकदा उघडते आणि एकदा उघडत नाही, म्हणजे दोष फाइलीत नसून ती हाताळणाऱ्यात आहे, हे तेव्हाच ध्यानात यायला हवे होते. गायीचे दूध सकाळी फाटते आणि संध्याकाळी फाटत नाही, तेव्हा आपण आधी भांडेच पाहतो ना?

चिरंजीव अभियांत्रिकीला आहेत. थोडे आढेवेढे घेऊन त्यांनी कबूल केले की संगणकाचा वेग त्यांनी वाढवून ठेवला आहे. या प्रकाराला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. संगणकाच्या पोटात एक घड्याळ असते आणि त्याच्या ठोक्यावर सगळी कामे चालतात. कारखानदाराने ठरवून दिलेल्यापेक्षा हा ठोका जलद करायचा. त्यासाठी स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबली की 'बायोस' नावाचा सेटिंगांचा पडदा येतो, तिथे आकडे बदलायचे. मळणीयंत्राची पुली बदलून ड्रमचे फेरे वाढवतात, तोच हा प्रकार.

मळणीयंत्राचे नाव निघाले म्हणून सांगतो. नोकरीतली माझी बरीच वर्षे लातूर जिल्ह्यात गेली. तिथे सोयाबीनच्या सुगीत आम्ही कंठशोष करून सांगत असू की बियाण्यासाठी मळायचे तर ड्रमचे फेरे मिनिटाला चारशेच्या आसपास ठेवा, दाणा फार वाळलेला असेल तर त्याहूनही कमी ठेवा. यंत्रवाल्याला घाई असते, तो फेरे वाढवतो. काही दाण्यांची डाळ होते, ती दिसते आणि आपण पाखडून काढतो. खरे नुकसान त्याने होत नाही. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. पुष्कळ दाण्यांच्या सालीला बारीक तडा जातो, तो डोळ्यांना दिसत नाही. पोते टपोरे, पिवळेधमक दिसते. जूनमध्ये पेरल्यावर आठव्या दिवशी तासात खाडे दिसतात, तेव्हा कळते.

संगणकाचेही असेच आहे. तो बंद पडतो ती झाली डाळ. ती दिसते, आपण चिडतो, पुन्हा सुरू करतो. बंद न पडता तो एखादा आकडा गुपचूप बदलतो तो मात्र सालीचा तडा, आणि तो आमच्या विहिरीच्या हिशेबात जाऊन बसला होता.

आकडा बदलतो म्हणजे काय, हे समजायला संगणकाची स्मरणशक्ती कशी असते ते थोडे पाहावे लागेल. 'रॅम' नावाच्या पट्टीवर विजेची अतिसूक्ष्म मडकी असतात. मडके भरलेले असेल तर एक, रिकामे असेल तर शून्य. ही रचना आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली सुचवली आणि थोड्याफार फरकाने आजही तीच चालते. आठ जीबीच्या एका पट्टीवर अशी सुमारे ६,८७० कोटी मडकी असतात. मडके मातीचे नसले तरी पाझरते. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे एका सेकंदात पंधरा वेळा, प्रत्येक मडके पाहून भरलेले असेल ते पुन्हा काठोकाठ भरावे लागते. हवा तापली की पाझर वाढतो. आणि मडकी पाहत फिरणाऱ्या पाणक्याला आपण वेग वाढवून पळायला लावले तर एखादे अर्धवट मडके त्याला रिकामे वाटते. झाले, एकाचे शून्य.

एवढ्याने दोनाचे सहा कसे होतील, असे मलाही वाटले. चिरंजीवांनी कागदावर लिहून दाखवले. आमचा हिशेब त्यांनीच केलेल्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत होता. अशा फाइलीत दोन हा अंक संगणक ००११००१० असा लिहितो आणि सहा हा अंक ००११०११०. वाचकांनी बोट ठेवून ताडून पाहावे, आठांपैकी एकच खूण वेगळी आहे. ती फिरली की २,४५० चे ६,४५० होतात. एक आणि नऊ यांच्यातही एकाच खुणेचे अंतर आहे. तेव्हा आम्ही चार हजारांवर सुटलो म्हणायचे.

असे जगात इतरत्रही घडले आहे. १८ मे २००३ रोजी बेल्जियम देशात निवडणूक झाली. ब्रुसेल्स शहरातल्या शारबेक या भागात एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा जास्त मते पडल्याचे यंत्र सांगू लागले. फेरमोजणी केली तेव्हा नेमकी ४,०९६ मते जास्त निघाली. दोनाला दोनाने गुणत गेले तर बाराव्या पायरीला हाच आकडा येतो, म्हणजे स्मृतीतली एकच खूण फिरली होती. तपासणाऱ्यांना आज्ञावलीत चूक सापडली नाही. एखादी खूण आपोआप फिरली असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तिथे आकडा अशक्य होता म्हणून चोरी पकडली गेली. आमच्याकडे ६,४५० ही बाकी अगदी शक्य होती, आणि तीच पंचाईत होती.

आता उपाय. इथे मी पहिलीच चूक करणार होतो. मला वाटले, सगळ्या फाइली आधी नव्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात, मग काय ते पाहू. चिरंजीवांनी हात धरला. फाइल उतरवताना ती आधी रॅममध्ये येते आणि मग पुढे जाते. रॅम बिघडलेली असेल तर चांगली फाइलही जाता जाता नासायची. गळक्या बादलीने पाणी दुसऱ्या टाकीत नेण्यातलाच प्रकार. म्हणून आधी संगणक मूळ चालीवर आणायचा आणि मगच कागदपत्रांना हात लावायचा.

मूळ चालीवर आणणे सोपे असते. बायोसमध्ये 'लोड डिफॉल्ट्स' अशा अर्थाची ओळ असते, ती निवडली की कारखानदाराची सेटिंगे परत येतात. पडदाच उजळत नसेल तर मुख्य वायर काढावी, पेटी उघडावी आणि आतल्या पाटीवरचा रुपयाएवढा सेल पाच-दहा मिनिटे काढून ठेवून पुन्हा बसवावा. बहुतेक ठिकाणी सीआर-२०३२ क्रमांकाचा, तीन व्होल्टचा सेल असतो. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या पत्र्याला बोट लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. पुढे तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते, तेवढे विसरू नये.

मग रॅमची परीक्षा. 'मेमटेस्ट८६ प्लस' नावाची फुकट मिळणारी आज्ञावली आहे. ती दुसऱ्या, चांगल्या संगणकावरून पेनड्राइव्हवर घ्यायची आणि आपला संगणक विंडोजऐवजी तिच्यावर सुरू करायचा. ती एकेका मडक्यात खूण घालते, परत वाचते, उलटी खूण घालते, परत वाचते. आपण गोणपाटावर शंभर दाणे मांडून उगवणशक्ती पाहतो, तसेच हे समजा. फरक एवढाच की सोयाबीनचे शंभरात सत्तर उगवले तरी बियाणे चालते. इथे कोट्यवधीत एक चूक निघाली तरी नापास. चूक तांबड्या ओळीत दिसते. एक फेरी पुरी होऊन भागत नाही, निदान चार फेऱ्या होऊ द्याव्यात, म्हणजे रात्रभर. शिवाय परीक्षेत चूक निघाली तर दोष नक्की, पण चूक निघाली नाही म्हणून दोष नाहीच असे छातीठोक सांगता येत नाही.

आमच्याकडे दोन पट्ट्या होत्या. एक संगणकाबरोबर घेतलेली, तिच्यावर ३२०० असा वेग छापलेला. दुसरी मागाहून, जुनी, कुणीतरी वापरलेली घेतलेली, तिच्यावर २६६६. चिरंजीवांनी दोन्हींना ३२०० वर पळवले होते आणि त्यासाठी दाब १.२ व्होल्टवरून १.३५ वर नेला होता. म्हणजे एक खोंड आणि एक म्हातारा बैल एका जूला जुंपून दोघांना खोंडाच्या चालीने हाकायचे.

पहिल्या रात्री मूळ चालीवर दोन्ही पट्ट्या तपासल्या. चार फेऱ्या झाल्या, एकही चूक नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा ३२०० वर नेले. पहिली फेरी निर्मळ गेली. मला वाटले, सुटलो. पहाटे चहाला उठलो तर पडद्यावर सतरा तांबड्या ओळी. तिसऱ्या रात्री फक्त पहिली पट्टी ३२०० वर ठेवली, ती पास. चौथ्या रात्री दुसरी एकटी ठेवली आणि ती नापास झाली. शंका नको म्हणून तीच पट्टी खाच बदलून, तिची पितळी दिसणारी टोके खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा लावली. तरी नापास. रविवारी भर दुपारी, स्लॅब तापलेला असताना लावली, तेव्हा वीस मिनिटांतच चुका सुरू झाल्या. रात्री त्याला दोन तास लागत होते. उष्णतेने पाझर वाढतो म्हटले, तो हा असा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे यातले मुख्य. खत, बियाणे आणि फवारणी तिन्ही एकदम बदलले तर उत्पन्न कशाने वाढले ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्या प्रात्यक्षिक प्लॉटांवर हा नियम आम्ही डोळ्यांत तेल घालून पाळतो आणि घरी मात्र 'दोन्ही पट्ट्या फेकून दे आणि नव्या आण' असे मीच दुसऱ्या दिवशी म्हणालो होतो.

मूळ चालीवर दोन्ही पट्ट्या चांगल्या ठरल्या. तेव्हा फेकण्याची गरज नव्हतीच, पळवणे थांबवायचे होते. मूळ चालीवरही चुका निघाल्या असत्या तर मात्र ती पट्टी गेलीच समजायचे. पट्ट्यांवर बहुधा लांब मुदतीची हमी असते, पावती जपून ठेवावी. दोन पट्ट्या लावायच्या तर त्या एका जोडीत विकल्या जाणाऱ्या घ्याव्यात. सावकाराकडून एक बैल आणि बाजारातून दुसरा, असे करू नये.

एवढ्यावर भागले असते तर बरे. पण रॅम ठीक झाल्यावरही एकदा संगणक निळा पडला. या वेळी पडद्यावर 'व्हीआ' अशा अक्षरांनी सुरू होणारा शेरा होता. तो बहुतेक वेळा प्रोसेसरकडे, म्हणजे मुख्य गणकाकडे बोट दाखवतो. त्याचाही वेग वाढवलेला होता आणि 'तेवढे राहू दे' म्हणून चिरंजीवांनी तो तसाच ठेवला होता. मुलगा माझाच, हट्टी. त्याची परीक्षा 'प्राइम९५' नावाच्या आज्ञावलीने घेतली. मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली जगभरच्या संगणकांना एकत्र जोडण्याचा उपक्रम सुरू केला, त्यातली ही आज्ञावली. ती अवघड गुणाकार करत राहते आणि उत्तर अपेक्षेशी ताडून पाहते. आमच्या गणकाचे उत्तर दहाव्या मिनिटाला चुकले. तापमान शंभर अंशांना टेकले होते. पेटी उघडली तर पंख्याखालच्या पन्हाळ्यांत धुळीची गोधडी तयार झालेली आणि गणकावर लावलेली पेस्ट वाळून खडू झालेली. धूळ ब्रशने झाडली, नवी पेस्ट लावली, वेग मूळ जागी आणला. पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा तापमान सत्तरीतच राहिले आणि चार तासांत एकही उत्तर चुकले नाही. मग विंडोजच्या फाइली व डिस्कही तपासून दुरुस्त करून घेतल्या, कारण आजारपणात लिहिलेले काय काय नासले असेल त्याचा भरवसा नव्हता.

वेग वाढवणारा प्रत्येक जण गाढव असतो, असे मी म्हणणार नाही. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ पट्ट्यांवर छापलेला वेग 'एक्सएमपी' नावाच्या सेटिंगाने गाठायचा असतो, आणि तोही नियमाप्रमाणे वाढवलेलाच वेग. अनेकांकडे तो वर्षानुवर्षे सुरळीत चालतो. खेळ खेळताना एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा आला म्हणून कुणाची पाळी चुकत नाही. पण त्याच यंत्रावर डेअरीचे फॅट आणि लिटर, बचत गटाचे हप्ते किंवा विहिरीचा हिशेब ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

उलट बाजूही सांगायला हवी. वेग न वाढवताही यंत्र चुकू शकते. १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम गणकात काही विशिष्ट भागाकार चुकतात, हे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली यांनी उघडकीला आणले आणि कंपनीला ते गणक बदलून द्यावे लागले. २०२४ साली त्याच कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही गणक जादा दाबामुळे अस्थिर होतात, असे कंपनीनेच मान्य केले, सुधारित आज्ञावली दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. गूगल कंपनीच्या संगणकांवरची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांत निदान एक तरी चूक आढळली होती. म्हणूनच मोठ्या संस्थांच्या संगणकांत दर ६४ खुणांमागे आठ जादा खुणा पहाऱ्याला ठेवलेली 'ईसीसी' रॅम असते. एक खूण फिरली तर ती दुरुस्त होते, दोन फिरल्या तर यंत्र ओरडते. आपल्या घरच्या संगणकात बहुधा ही सोय नसते.

पुण्याचाच एक दाखला आठवतो. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तिने तयार केला. एकाच गणकाला चाबूक मारण्याऐवजी तिथे अनेक साधे गणक एका कामाला जुंपले होते. चिरंजीवांना मी हे ऐकवले. ते म्हणाले, "बाबा, पण ते सगळे गणक विकत घ्यायला पैसे लागतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

हल्ली गावोगावी मुले शहरातून जुने संगणक स्वस्तात आणतात. त्यांतले पुष्कळ खेळ खेळण्यासाठी पळवलेले असतात. आणल्याबरोबर पहिल्या दिवशी बायोसमधली सेटिंगे मूळ जागी आणावीत आणि एक रात्र रॅमची परीक्षा घ्यावी. दाब कमी-जास्त होत असेल तर यूपीएस लावावा, अर्थिंग खरोखर जमिनीत गेले आहे का तेही वायरमनकडून पाहून घ्यावे. आमच्या एका नातेवाइकाकडे अर्थिंगची तार भिंतीतल्या खिळ्याला बांधलेली निघाली!

हिशेबाचे काय झाले ते सांगायचे राहिले. संगणक बरा झाल्यावर मी जुन्या प्रती काढल्या. फाल्गुनात पाठवलेल्या कागदावर २,४५० च होते. त्यानंतर एकही नवी नोंद नाही आणि पुढच्या कागदावर ६,४५०. ही खूण नेमकी कोणत्या दिवशी फिरली ते मला सिद्ध करता येणार नाही. पण भावाने एक पैसा बुडवला नव्हता आणि वसुली करणाऱ्यानेही काही लपवले नव्हते, एवढे कागदावरून स्पष्ट होते.

फोनवर हे बोलणे बरे दिसले नसते. शनिवारी चिरंजीवांना घेऊन बोपदेव घाटाने गावी गेलो. आबांच्या ओसरीवर चारही घरची माणसे बसली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चूक माझ्या संगणकाची होती, आणि तो चुकत नाही असे मी म्हणालो ती माझी." चुलतभाऊ काही बोलला नाही. खिशातून पेटीची किल्ली काढून त्याने आबांपुढे ठेवली. भेंडीचे दोन वाफे तोवर गेले होते, ते काही परत आले नाहीत.

मग आबांच्या सांगण्यावरून दोन वर्षांची खतावणी आणि संगणकाचा कागद शेजारी ठेवून एकेक ओळ ताडली. सुनेने वाचायचे, मी खूण करायची. तासाभरात आणखी एक फरक निघाला. गेल्या दिवाळीतली फूटव्हॉल्व्हची ३५० रुपयांची नोंद कागदावर नव्हतीच. चिरंजीवांनी फाइल उघडून पाहिली आणि माझ्याकडे बघून गप्प बसले. ती नोंद मी घातलीच नव्हती.

"ही कुठली रॅम म्हणायची, दादा?" चुलतभावाने विचारले, आणि आबांसकट सगळी ओसरी हसली.